कॉफीच्या मळ्यांतील झाडांची शिरगणती

कोडगूचा कॉफीचा मळा दुरून पाहणाऱ्यास मळा वाटतच नाहीं. मडिकेरीहून खालीं उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतें तें रानच: उंच खोडें, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, आणि वर एकमेकांत गुंतलेला पानांचा मांडव. कॉफीचीं झुडपें या सर्वांच्या खालीं, छाटून बेताच्या उंचीचीं ठेवलेलीं असतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील, कर्नाटक राज्याच्या या एका डोंगराळ जिल्ह्यांत भारतांतील सुमारें एक तृतीयांश कॉफी पिकते, आणि ती बहुतेक सर्व अशा झाडांच्या सांवलींत पिकते. शेत आणि रान यांचा संसार जेथें एकाच जमिनीवर चालतो, त्या पद्धतीस वनशेती असें नांव आहे. कोंकणांतील आगरें किंवा गोव्यांतील कुळागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ही कल्पना मुळींच नवी वाटणार नाहीं.

असा मळा निसर्गदृष्ट्या सुस्थितींत आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? पिकाच्या पोत्यांवरून तें कळत नाहीं. रान विरळ करून कांहीं वर्षें भरघोस पीक काढतां येतें; ऱ्हास मागाहून येतो. पक्षी, किडे, बुरशी, मातींतील सूक्ष्म जीव या सर्वांची मोजदाद करावयाची म्हटलें तर एकेका मळ्यासाठीं विद्वानांची स्वतंत्र तुकडी बसवावी लागेल. झाडें मात्र जागचीं हलत नाहींत. ऋतु कोणताही असो, तीं उभींच असतात; आणि मळ्यांतील उरलेली बहुतेक जीवसृष्टि त्यांच्याच आश्रयानें राहते. म्हणून अभ्यासक प्रथम झाडें मोजतात. एका हेक्टरांत, म्हणजे सुमारें अडीच एकरांत, किती झाडें उभीं आहेत या आंकड्यास वृक्षघनता म्हणतात. हा आंकडा मिळविणें सोपें आहे. त्याचा अर्थ लावणें तितकें सोपें नाहीं, आणि कोडगूच्या मळ्यांत तर या अर्थाच्या घोटाळ्यांतच सारी मेख आहे.

मळ्यांतील ही सांवली मळेवाल्यांनीं हौसेखातर ठेवलेली नाहीं. ती ठेवण्याचें शहाणपण त्यांनीं नुकसान सोसून मिळविलें आहे. १८५४ सालीं फाउलर नांवाच्या युरोपियन गृहस्थानें मडिकेरीजवळ मळा घातला, आणि त्याच्यामागून युरोपियन मळेवाल्यांची रीघ लागली. त्यांपैकीं अनेकांनीं रान सपाट तोडून उघड्या उन्हांत कॉफी लावली. पहिलीं वर्षें बरीं गेलीं. पुढें १८६० नंतरच्या दशकांत कॉफीचें खोड पोखरणाऱ्या एका भुंग्यानें असा कहर मांडला कीं, मळेच्या मळे वाळून गेले. या भुंग्याची मादी खोडाच्या सालींतील भेगांत अंडीं घालते, आणि त्यासाठीं ती ऊन खाणारें, तापलेलें खोड पसंत करते. अंड्यांतून निघालेली अळी आंत शिरून लांकूड पोखरते. वरून पानें पिवळीं पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाहीं. या संकटाची चौकशी डॉ. जॉर्ज बिडी यांच्याकडे सोंपविण्यांत आली होती. त्यांचा अहवाल १८६९ सालीं मद्रास येथें प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील एक मुख्य शिफारस होती सांवली राखण्याची. जें रान शत्रु समजून तोडलें होतें, तेंच पुन्हां लावण्याची पाळी आली.

याचा अर्थ असा नव्हे कीं, झाडें जितकीं अधिक तितका मळा निरोगी. पावसाळ्यांत वरचा मांडव फार दाट राहिला तर खालीं वारा खेळत नाहीं, पानें सतत ओलीं राहतात, आणि कॉफीवर कोळेरोग पडतो. हें नांव कोंकणांतील बागाईतदारांस चांगलेंच परिचित आहे, कारण सुपारीच्या गळीलाही कोळेरोगच म्हणतात. दोन्ही रोगांच्या बुरशी मात्र निरनिराळ्या आहेत. म्हणून मळेवाले दर वर्षीं पाऊस सुरू होण्यापूर्वीं झाडांच्या फांद्या उतरवितात. सांवलीचें माप असें दोन्ही बाजूंनीं बांधलेलें आहे. कमी झाली तर भुंगा, अधिक झाली तर बुरशी.

आतां मोजणी कशी करतात तें पाहूं या. सबंध मळ्यांतील प्रत्येक झाड मोजणें क्वचितच शक्य असतें. म्हणून नमुन्याचे चौकोन घेतात. दोरी आणि खुंट्या घेऊन वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा चौकोन आंखावयाचा. असे पंचवीस चौकोन मिळून एक हेक्टर होतो. मळ्यांत दहा ठिकाणीं असे चौकोन आंखले आणि त्यांत मिळून १२० झाडें भरलीं असें समजूं या. दहा चौकोनांचें क्षेत्र ०.४ हेक्टर, तेव्हां घनता झाली हेक्टरीं ३००. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. खरी अडचण चौकोनाची जागा ठरविण्यांत असते. मोजणाऱ्यास मोकळें सोडलें तर त्याचे पाय नकळत वाटेच्या कडेला, सपाटीला आणि देखण्या झाडांकडे वळतात. म्हणून नकाशावर अगोदर सर्व चौकोनांस क्रमांक द्यावयाचे आणि चिठ्ठ्या टाकून जागा निवडावयाच्या, अशी रीत आहे. निवडलेला चौकोन ओढ्याच्या काट्याकुट्यांत आला तरी तेथें गेलेंच पाहिजे.

बारीकसारीक नियम आणखी पुष्कळ आहेत. एखादें झाड नेमकें दोरीवर आलें तर काय करावयाचें? चौकोनाच्या दोन लगतच्या बाजूंवरील झाडें धरावयाचीं व उरलेल्या दोन बाजूंवरील सोडावयाचीं, म्हणजे हिशेब फिटतो. उतारावर दोरी जमिनीलगत न धरतां आडवी, पाणसळींत धरावी लागते. नाहीं तर चौकोन कागदावर असतो त्याहून लहान पडतो, आणि कोडगूसारख्या डोंगराळ मुलखांत ही चूक चांगलीच महागांत पडते. किती जाड खोडाला झाड म्हणावयाचें हेंही आधीं ठरवून घ्यावें लागतें. बहुधा तीस सेंटिमीटर घेर ही खालची मर्यादा धरतात. घेर मोजावयाचा तो माणसाच्या छातीइतक्या, म्हणजे सुमारें १.३ मीटर उंचीवर. आणि मुळाशीं भिंतीसारखे आधार फुटलेले असतील तर त्यांच्याही वर.

या विद्येचा या देशांतील इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८५६ सालीं डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांतील पेगूच्या जंगलांचे अधिकारी झाले. तेथील सागाचे व्यापारी जंगल अफाट आहे, कधींच संपणार नाहीं असें सांगत. खरें किती आहे तें कोणास ठाऊक नव्हतें. ब्रँडिस यांनीं रानांतून ठराविक रेषेंत हत्तीवरून प्रवास केला. धुवांधार पावसांत कागदाचा टिकाव लागेना, म्हणून त्यांच्या एका हातांत बांबूची कांडी असे आणि दुसऱ्यांत चाकू. ठराविक अंतराच्या आंत सागाचें झाड दिसलें कीं, त्याच्या जाडीचा गट पाहून ते कांडीवर खांच पाडीत. त्या खांचांच्या आधारें साग किती तोडतां येईल याचा अंदाज त्यांनीं बांधला. पुढें १८६४ मध्यें हेच गृहस्थ हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. ब्रँडिस यांनीं नुसतीं झाडें मोजलीं नाहींत, जाडीप्रमाणें गट पाडून मोजलीं, ही गोष्ट येथें महत्त्वाची आहे. नुसता आंकडा किती फसवा असतो, हें कोडगूच्या सिल्व्हर ओकवरून दिसून येतें.

पांचगणीला गेलेल्या मंडळींनीं हें झाड पाहिलें असेल. सरळसोट खोड, नक्षीदार पानें, पानांची खालची बाजू रुपेरी. नांवांत ओक असला तरी ओक वृक्षाशीं त्याचें नातें नाहीं. तें मूळचें पूर्व ऑस्ट्रेलियांतलें. मळेवाल्यास तें अनेक परींनीं सोयीचें पडतें. तें भराभर वाढतें, छाटणी सोसतें, आणि त्याच्या सरळ खोडावर मिरीचा वेल उत्तम चढतो. शिवाय तें तोडून विकतांना फारसा त्रास पडत नाहीं. देशी झाडांची गोष्ट निराळी आहे. कोडगूंतील पुष्कळ जमिनी अशा आहेत कीं, त्यांवरील मूळच्या झाडांची किंमत सरकारांत भरलेली नसल्यामुळें झाडावर मळेवाल्याचा पुरा हक्क पोंचत नाहीं. त्यांतच १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें झाड तोडण्यापूर्वीं परवानगी घ्यावी लागते; सिल्व्हर ओकला या परवानगींतून सूट आहे.

परिणाम काय होतो तो पाहावा. वादळांत एखादा जुना नाणा किंवा ऐन कोसळतो. त्या जागीं मळेवाल्यानें नाण्याचें रोप लावलें, तर तें वाढेपर्यंत त्याची हयात जाईल, आणि वाढल्यावरही तें आपलें म्हणतां येईल कीं नाहीं याची खात्री नाहीं. सिल्व्हर ओकचीं चार रोपें लावलीं तर मिरी मिळते आणि गरजेच्या वेळीं मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या दुरुस्तीला लांकडाचे पैसे उभे राहतात. त्यानें काय करावें अशी अपेक्षा आहे? झाडाच्या रक्षणासाठीं केलेला कायदाच देशी झाडाचें रोप लावण्याची इच्छा मारून टाकतो, हा विपर्यास आहे. आणि त्याचा दोष एकट्या मळेवाल्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पण शिरगणती करणाऱ्याच्या वहींत काय दिसेल? एक झाड गेलें, चार आलीं. वृक्षघनता वाढली! आंकड्यांत मळा सुधारला, आणि प्रत्यक्षांत त्याचें रानपण एका पायरीनें खालीं उतरलें.

हा घोटाळा टाळण्यासाठीं संख्येबरोबर घेरही टिपतात. खोडाचा घेर कळला कीं, त्या उंचीवर आडवें कापलें असतां खोडाचा छेद किती भरेल तें गणितानें काढतां येतें: घेराचा वर्ग करून त्यास सुमारें १२.५७ नें भागावयाचें. दोन मीटर घेराच्या झाडाचा छेद ०.३२ चौरस मीटर भरतो. चाळीस सेंटिमीटर घेराच्या झाडाचा अवघा ०.०१३. म्हणजे एक म्हातारा वृक्ष असल्या पंचवीस तरुणांच्या बरोबरीचा. चौकोनांतील सर्व खोडांच्या छेदांची बेरीज हेक्टरीं मांडली, म्हणजे त्या जमिनीवर लांकडाचा ऐवज किती उभा आहे याची कल्पना येते.

कोडगूंतच, उप्पंगळा येथील सदाहरित अरण्यांत, पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनें १९९० सालापासून झाडांची कायमची मोजणी ठेवली आहे. तेथें तीस सेंटिमीटरांहून अधिक घेराचीं झाडें हेक्टरीं सुमारें ६३५ भरलीं, आणि त्यांच्या छेदांची बेरीज सुमारें ४० चौरस मीटर. आतां कल्पना करावी कीं, एखाद्या मळ्यांत चाळीस सेंटिमीटर घेराचे नेमके ६३५ सिल्व्हर ओक उभे आहेत. घनता अरण्याइतकीच, छेदांची बेरीज मात्र आठ चौरस मीटरांच्या आसपास, म्हणजे अरण्याच्या एक पंचमांश. आंकडा एकच असूनही एका ठिकाणीं शतकांची पुंजी उभी आहे, आणि दुसऱ्या ठिकाणीं दहापंधरा वर्षांची.

जातींची यादी करणें हें त्यापुढचें काम. तें दोरी-टेपानें होत नाहीं. त्यासाठीं झाडें ओळखणारा माणूस लागतो, आणि असा माणूस बहुधा विद्यापीठापेक्षां मळ्यावरच्या जुन्या मजुरांतच लवकर सांपडतो. उंबर, वड, फणस, शिसव, नाणा, किंदळ हीं सह्याद्रीचीं झाडें जशीं कोंकणांत तशीं कोडगूंतही आहेत. उंबर-वडांच्या फळांवर धनेश आणि इतर अनेक पक्षी पोसतात. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलींत स्वतःला कोंडून घेऊन अंडीं घालते, आणि ढोली पडावयास झाड जुनें व्हावें लागतें. सिल्व्हर ओकला फुलें येतात, त्यांत मधही असतो. पण पक्ष्यांनीं खावें असें फळ त्याला येत नाहीं. त्याचें बीं पातळ पंखाचें, वाऱ्यावर उडणारें. आग्या माशांचीं पोळीं लागतात तीं बहुधा उंच, पसरलेल्या फांद्यांना. रोबस्टा जातीच्या कॉफीला आपल्याच परागांनीं फळ धरत नाहीं, पराग दुसऱ्या झुडपावरून यावा लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सरींनंतर फुलोरा टिकतो तो थोडेच दिवस. त्या दिवसांत माशा जवळपास आहेत कीं नाहींत, यावर पिकाचा बराच हिस्सा अवलंबून असतो. तेव्हां जुन्या झाडाचें मोल भावनेचेंच आहे असें कोणीं समजूं नये.

सर्वांत उपेक्षित मोजणी म्हणजे रोपांची. घेराप्रमाणें झाडांचे गट पाडले असतां निसर्गाच्या रानांत सर्वांत लहान गटांत सर्वांत अधिक झाडें सांपडतात, आणि मोठ्या गटांकडे जावें तसतशी संख्या उतरत जाते. गांवाच्या खानेसुमारींत मुलें अधिक आणि म्हातारे थोडे असावेत तसेंच हें. मळ्यांत मात्र दर वर्षीं तण काढतांना जंगली रोपेंही खुरप्याखालीं जातात. त्यामुळें कित्येक ठिकाणीं देशी झाडांचे मोठे घेर तेवढे दिसतात, आणि खालचे गट रिकामे. ज्या गांवांत मूलच दिसत नाहीं, त्या गांवाची लोकसंख्या आज कितीही असो, तिचा भरंवसा काय? हा इशारा नुसत्या घनतेच्या आंकड्यांत कधींच उमटत नाहीं, कारण म्हातारा वृक्ष मरेपर्यंत तो एक म्हणूनच मोजला जातो.

मग योग्य घनता कोणती? सबंध जिल्ह्यासाठीं एक आंकडा सांगणें शक्य नाहीं, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. घाटमाथ्याच्या पश्चिम अंगाला पाऊस बेसुमार पडतो. पूर्वेकडे जावें तसतसा तो झपाट्यानें उतरतो, आणि रानही सदाहरिताचें पानझडी होत जातें. अरेबिका कॉफीला सांवली अधिक मानवते, रोबस्टाला कमी. म्हणून प्रत्येक मळ्याची तुलना त्याच्याच शेजारच्या रानाशीं करणें उत्तम. कोडगूंत ही सोय परंपरेनेंच करून ठेवली आहे. तेथें गांवोगांव देवरकाडु आहेत, म्हणजे आपल्याकडील देवराया. त्यांची संख्या बाराशेंच्या घरांत आहे. पुष्कळ देवराया कॉफीच्या मळ्यांनीं वेढलेल्या आहेत. देवराईंत एक चौकोन आणि कुंपणापलीकडे मळ्यांत दुसरा आंखला, कीं पाऊस तोच, माती तीच, आणि दोहोंतील फरक तेवढा माणसाच्या हातचा.

ग्राहकांच्या बाजूनेंही असे निकष बसविण्यांत आले आहेत. अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संस्था पक्ष्यांना अनुकूल असलेल्या मळ्यांच्या कॉफीस प्रमाणपत्र देते. तिच्या अटींत झाडांची संख्या हा मुख्य मुद्दा नाहीं; जमिनीचा निदान ४० टक्के भाग सांवलीनें झांकलेला असावा, आणि मुख्य सांवलीच्या झाडाखेरीज निदान दहा जातींचीं झाडें असावींत, असा तिचा आग्रह आहे. सांवली मोजण्याचें साधन मजेदार आहे: चौकटी आंखलेला एक लहानसा बहिर्वक्र किंवा अंतर्वक्र आरसा हातांत धरावयाचा आणि किती चौकटींत पानें व कितींत आकाश दिसतें तें मोजावयाचें. हल्लीं उपग्रहांच्या चित्रांवरूनही हें काम होतें, आणि मोठ्या मुलखासाठीं तें फार उपयोगी आहे. पण वरून पाहणाऱ्यास मांडवाचें छप्पर दिसतें, त्याखालचीं रोपें दिसत नाहींत.

एकदां केलेली मोजणी ही केवळ एक तसबीर असते. म्हणून कायमच्या चौकोनांत प्रत्येक झाडावर क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला ठोकतात, आणि घेर जेथें मोजला तेथें रंगाचा पट्टा ओढून ठेवतात. कांहीं वर्षांनीं त्याच पट्ट्यावर पुन्हां टेप लावला, म्हणजे कोणतें झाड किती वाढलें, कोणतें मेलें, आणि तीस सेंटिमीटरांची मर्यादा ओलांडून नवें कोणतें आंत आलें, हें नांवनिशीवार कळतें. या तिसऱ्या रकान्यांत देशी झाडांचीं नांवें किती आणि सिल्व्हर ओक किती, हें पाहावयास वहीचीं दोन पानें उलटावीं लागतात. काम दोन माणसांचें आणि एका सकाळचें आहे. एकानें टेप धरावा, दुसऱ्यानें लिहावें, आणि पावसाळा असेल तर पेन्सिलीनें, कारण शाई टिकत नाहीं.